देवीचा डबा

ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात आला तो सहीपुरताच. म्हणून आधीच माफी मागते, जरी हे कोणाला वाचायला द्यायचं नाही. अक्षरही वाकडं आहे. ओळ खाली उतरत जाते आणि ती सरळ करायला गेले की काय लिहायचं होतं तेच विसरते. तेव्हा ती उतरू दे.

माझी लेक अकरावीला आहे, खो-खो खेळते. तिचा उजवा गुडघा पुरा वळेल की नाही, एवढी एकच गोष्ट वर्षभर आमच्या घरात आहे. सगळ्यांना ती विचारायची असते आणि कोणी विचारत नाही.

ही पोरगी लहानपणी चालतच नव्हती. तिच्या बरोबरीची लेकरं अंगणात पळायची आणि ही बसल्या जागी ढुंगणावर सरकायची. डॉक्टर म्हणाले, चालेल, घाई करू नका. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, एवढा धीर नव्हता. त्यांनी गावातल्या देवीला नवस बोलला, की पोर पायावर उभी राहिली तर तुला चांदीचं छत्र करीन. तिसऱ्या वर्षी ती उंबऱ्याला धरून उठली आणि कोणी बघायच्या आत कोंबडीमागं धावली. चालली अशी ती नाहीच, एकदम पळालीच.

नवस फेडायला आत्याबाईंनी देवघरात एक डबा ठेवला, पिठाचा जुना, जर्मनचा. झाकणाला हळदकुंकू लावलं. जमेल तसे पैसे त्यात पडायचे. पण आम्ही थोडे टाकले की चांदी त्याहून जास्त चढायची. सराफाकडून आले की आत्याबाई म्हणायच्या, "आपून बैलगाडीत आन् चांदी मोटारीत." अशी वर्षं गेली. डबा भरत होता आणि छत्र होत नव्हतं.

शाळेत खेळाच्या सरांनी तिला खो-खोत घेतलं. मला खेळ कळत नव्हता. मधल्या पट्टीवर पोरी एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून उकिडव्या बसतात. पळणारीनं पाठीवर हात मारून खो दिला की बसलेलीनं तिथून उठून समोरच्या गटाच्या पोरीला शिवायला पळायचं. आमची उठायची ती जमिनीतून तीर निघाल्यासारखी. मला तेवढंच बघावंसं वाटायचं, तिचं बसणं आणि उठणं. पळायला लागली की मी डोळे मिटून घ्यायचे.

सामन्याला दुसऱ्या पोरींच्या आया येऊन दोरीपाशी उभ्या राहायच्या, ओरडायच्या, सरांनासुद्धा सांगायच्या. मी मागं लिंबाच्या झाडाशी पदर धरून. लेक घरी आल्यावर चिडायची.

"सगळ्यांच्या आया ओरडतात. तू एकदा तर नाव घे माझं!"

"मला लाज वाटती."

"मी चड्डीवर पळते सगळ्या गावासमोर, मला लाज न्हाई. तू झाडामागं उभी, तुला लाज!"

आत्याबाई आतून म्हणायच्या, "तिला लग्नात नाव घ्यायला सांगितलं तर रडायला लागल्ती. तुझं काय घेती?"

मी ओरडत नव्हते, पण ती पट्टीवर बसली की मनात देवीला म्हणायचे, उठव तिला. दुसरं काही मागायचं सुचायचं नाही. जिंकू दे असं मागायलाही संकोच वाटायचा, कारण समोरच्या पोरींच्या आयाही कोणाला तरी काही मागत असतील.

गेल्या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यात ती खांबाशी वळली आणि पाय तिथंच राहिला, अंग पुढं गेलं. मी त्या दिवशी डोळे मिटले नव्हते. ती खाली पडली, गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि मान वर करून दोरीबाहेर कोणाला तरी शोधू लागली. मला शोधत होती. मी तोंड उघडलं, आवाज आला नाही. दुसऱ्याच पोरीची आई ओरडली, "ताई, तुमची पोरगी!" आणि मला हाताला धरून आत नेलं.

नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला डॉक्टरांचा दवाखाना आहे, तिथं रिक्षातून तिला आडवी घालून नेलं. गुडघ्यातली दोरी तुटली आहे, ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं. मला फोटोत काळं-पांढरं धुकं दिसलं. लेकीनं एकच विचारलं, "उकिडवं बसता येईल का?" डॉक्टर म्हणाले, "आधी नीट चालायला तर लाग." ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

आमचं थोडं रान आहे, त्यात एक शेडनेट. मिरचीचं बियाणं करून कंपनीला देतो. बियाणं घेतल्यावर कंपनी ते पेरून बघते, उगवण बरोबर आली की मग पैसे. तेव्हा आमचं बियाणं देऊन झालं होतं आणि पैसे यायला पुष्कळ अवकाश होता. पोरीच्या पप्पांनी भावाकडून आणले, मित्राकडून आणले, तरी खर्चाला कमी पडत होते. घरात दुसरा पैसा होता तो देवघरात. आम्ही तिघंही तिकडं बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो.

त्यातच शेजारची म्हातारी पोरीला बघायला आली. खाटेपाशी बसून म्हणाली, "पायाचा नवस बोल्ल्या होत्या ना बाई? फेडला न्हाई. देवीनं पाय परत घेतला."

पोरगी ऐकत होती. मला तिचे कान झाकावेसे वाटले. मी म्हातारीला चहा दिला. माझ्या हातून तेवढंच होतं. आत्याबाई मात्र म्हणाल्या, "घेतला तर घेतला. तुझ्या पोटात का दुखून राह्यलं?" पण म्हातारी गेल्यावर त्याही पदराखाली हात घेऊन बसल्या. रात्री जेवल्या नाहीत.

सकाळी म्हणाल्या, "देवीला इचारू."

आमच्याकडं देवळात कौल लावतात. पुजारीबाबांनी कण्हेरीची दोन फुलं पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांना लावली. उजवं पडलं तर पैसे घ्या, डावं पडलं तर डब्याला हात लावू नका. आत्याबाई पुढं बसल्या, मी मागं. लेकीला पायऱ्या चढता येत नव्हत्या. ती बाहेर पारावर पाय लांब करून बसली. सोमवारी ऑपरेशनची तारीख होती.

फुलं पडेनात. लोक येत होते, नारळ फोडून जात होते. मी उजव्या फुलाकडं बघत होते, मग वाटलं माझी नजर लागेल, म्हणून डाव्याकडं बघू लागले, मग घाबरून खाली बघितलं. ऊन पायरीवरून आत आलं. एक आजोबा दर्शनाला आले.

"कव्हापासून बसल्यात?"

"सकाळपासून."

"मंग देवी इचार करून राह्यली. मोठा खर्चा दिसतो."

दुपारपर्यंत फुलं सुकून गेली, तरी जागची हलली नाहीत. पाकळ्या मिटल्या, देठ वाकले, फूल तिथंच. बायका कुजबुजायला लागल्या की देवी रुसली. तेवढ्यात बाहेरून लेकीचा आवाज आला.

"बाबा, घट बसायचेत म्हणून देवीला नवा शेंदूर लावला का?"

"लावला की, काल सांजच्याला," पुजारीबाबा म्हणाले. "तेलात कालवून, चांगला जाड."

"मंग ते कसं पडन? चिकटलं ते. आता दसऱ्यालाच पडतंय."

पुजारीबाबांनी कपाळाला हात लावला. नव्या शेंदुरावर कधी कौल लावत नाहीत, हे त्यांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं आणि आमच्याही नाही. बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता डोळ्याला पाणी आलं. पुजारीबाबा म्हणाले, शेंदूर वाळू द्या, पुढच्या आठवड्यात परत लावू. पण पुढच्या आठवड्यात आम्हाला काय उपयोग होता?

आत्याबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि देवीशी बोलल्या, शेजारणीशी बोलावं तसं. "हे बघ माय, तू हो म्हणली न्हाईस आन् न्हाई बी म्हणली न्हाईस. पैसे पायासाठी बोलले होते, पायालाच लावते. ही चोरी न्हाई, उसने नेते. पुढच्या घटाला तुझा डबा जसाचा तसा."

ऑपरेशन झालं. लेक घरी आली. मांडी घालता येईना म्हणून ती पालथ्या बादलीवर बसून जेवायची, आम्ही खाली. मान वर करून तिला वाढताना मला ती परक्या घरची पाहुणी वाटायची. घराच्या मागं, मला कळू न देता, ती भिंतीला पाठ लावून खाली बसायचा सराव करायची. मी मोरीच्या फटीतून बघायचे. थोडी खाली जायची, ओठ चावायची, वर यायची. तिच्या जागी मला वाकता येत असतं तर मी दिवसभर वाकून राहिले असते. मी भांडी वाजवायचे, म्हणजे आई कामात आहे असं तिला वाटावं.

तिच्या बरोबरच्या पोरी राज्याच्या स्पर्धेला गेल्या. जाताना गाडी आमच्या दारात थांबवली. तिनं सगळ्यांना टाळ्या दिल्या, हसली, आणि गाडी वळली तशी आत येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले.

हातात घेण्यासारखं एकच काम मला होतं, डबा. आमचं आवरून मी दुसऱ्यांच्या शेडनेटात मजुरीला जायचे. मिरचीच्या एकेका फुलाला पराग लावायचा आणि खुणेचा लाल धागा बांधायचा. तो आठवड्याचा पैसा आला की चुलीकडं जायच्या आधी डब्यात. आत्याबाई सरकारकडून मिळणाऱ्या निराधारच्या पगारातून टाकायच्या. बियाण्याची उगवण बरी निघाली, त्याचे पैसे आले, त्यातून आधी माणसांचे उसने दिले आणि उरले ते डब्यात. पैसा टाकला की मला वाटायचं आज मी तिच्या पायासाठी काहीतरी केलं. दुसऱ्या कशानं असं वाटत नव्हतं.

काल घट बसले. डबा भरला होता. आम्ही तो देवीपुढं ठेवला. आत्याबाई म्हणाल्या, छत्र कव्हा करायचं ते तूच बघ, चांदीच्या भावाचं आम्हाला जमत न्हाई. पुजारीबाबांनी विचारलं, "मोजू का?"

"देवीला मोजता येतं," आत्याबाई म्हणाल्या.

लेक आता पायऱ्या चढते. सरांनी सांगितलं आहे, दिवाळीपर्यंत पट्टीवर बसून उठून दाखव, तुझी जागा ठेवली आहे. आम्ही डोकं टेकलं. ती उभी होती. मग तिनं हात जोडले आणि तशीच खाली जायला लागली, उकिडवी. मी हात पुढं केला, तिनं मानेनंच नको म्हटलं. अर्ध्यावर गेली. तिथं थांबली. पाय थरथरत होता. आत्याबाईंनी देवीकडं तोंड फिरवलं. मी मनात म्हणाले, उठव तिला, आणि माझं मलाच कळेना, मला बसव म्हणायचं होतं की उठव.

ती वर आली. "सध्या इतकंच," म्हणाली, आणि चपला शोधायला गेली.

संध्याकाळी आठवड्याची मजुरी मिळाली. सवयीनं नोटा घेऊन मी देवघरापुढं गेले. फळीवर डब्याची गोल खूण होती, बाजूला हळद सांडलेली. मी तिथं हात ठेवला. आता देवीचं काही देणं राहिलं नव्हतं, सगळे उसने फिटले होते. मागच्या बाजूला भिंतीला पाठ घासल्याचा आवाज येत होता, खाली जाताना एकदा, वर येताना एकदा. नोटा मी पदराला बांधल्या.