सीमेपलीकडचं वाचणाऱ्या कुमुदताई

कुमुदताई गेल्याचं कळलं तेव्हा मी इथं आखातात, खलिफा सिटीतल्या सुपरमार्केटमध्ये मेथीच्या जुड्या चाळत उभी होते. त्यांच्या लेकीचा फोन आला. "विद्यामावशी, आई गेली... सकाळीच." मी जुडी ट्रॉलीत ठेवली, पैसे दिले, सामान गाडीत भरलं आणि मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. आता महिना होऊन गेलाय. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सगळ्यांचे हात जोडून झाले, ‘प्रेमळ’, ‘मनमिळाऊ’ असं बरंच लिहून झालं. कुमुदताई मनमिळाऊ अजिबात नव्हत्या, आणि हे मी त्यांच्यावरच्या मायेनंच लिहितेय.

दिल्लीतल्या एका सरकारी कचेरीत चिनी वर्तमानपत्रं वाचायची, ही त्यांची आयुष्यभराची नोकरी. यजमान गेल्यावर त्या लेकीकडं आल्या, आमच्या शेजारच्या व्हिलात. ओळख करून घ्यायला मी पुरणपोळ्या घेऊन गेले. मुलं काय करतात, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, एकच आहे, अमेय, सैन्यात कॅप्टन आहे, सध्या लडाखला. "लडाखला कुठं?" म्हटलं, ते तो सांगत नाही. "बरोबर करतो," म्हणाल्या आणि डबा रिकामा करायला आत गेल्या. मला जरा रागच आला होता. बाई गं, दोन शब्द कौतुकाचे बोलशील की नाही!

अमेय इथंच वाढला. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणाऱ्या पोरांपैकीच एक. आमच्या ह्यांचा जबल अलीत लेबर कॅम्पना जेवण पुरवायचा व्यवसाय आहे, तो पोरगा सांभाळेल असं आम्ही धरून चाललो होतो. तो पुण्याला कॉलेजला गेला आणि परस्पर सैन्याची परीक्षा देऊन मोकळा झाला. पुढं सीमेवर तणाव वाढला आणि त्याचे फोन येईनासे झाले. आला तरी "ऑल गुड, आई" आणि खलास. भेटेल तो मला धीर द्यायचा. काही होत नाही गं, इन्शाल्ला सगळं ठीक होईल... त्या धीरानं माझी भीती जास्तच वाढायची. माझं एकुलतं एक पोर तिथं, आणि ह्या लोकांना कुणी सांगितलं की काही होत नाही?

एकदा कुमुदताईंनी मला अंगणात कपडे वाळत घालताना गाठलं. "तोंड का असं? तुला नक्की भीती कशाची वाटते?" मी म्हटलं, "चीनची." "अख्खा चीन काय तुझ्या पोरासमोर उभा नाहीये. चल आत, बस." आणि त्यांनी चहाच्या टेबलावर मला शिकवायलाच घेतलं. चीनच्या सैन्याच्या पाच कमांड आहेत, देशाचा एकेक भाग सांभाळणाऱ्या. आपल्या सीमेसमोर आहे ती वेस्टर्न थिएटर कमांड, जमिनीच्या हिशेबानं सगळ्यांत मोठी. मुख्यालय चेंगडूला, सीमेपासून लांब. पूर्वी ह्या भागाची दोन वेगळी लष्करी क्षेत्रं होती, ती एकत्र करून ही बनवली. तिबेट तिच्यात, शिनजियांग तिच्यात. आरमार मात्र नाही, समुद्रच नाही तर आरमार कशाला. ही सीमा आपल्याकडून तीन कमांड मिळून बघतात, तिकडून एकटी ही.

माझ्या डोक्यात काही शिरेना. मग त्या आमच्या धंद्यावर आल्या. "तुमच्या कॅम्पातला माणूस मॅनपॉवर कंपनीनं आणलेला असतो ना? पण साइटवर त्याला काम कोण सांगतो? इंजिनिअर. ही कमांड म्हणजे तो इंजिनिअर. माणसं भरती करणं, शिकवून तयार करणं हे सैन्यदलांचं काम. लढाईचं नियोजन करायचं आणि वेळ आली तर त्यांना लढवायचं, हे कमांडचं." शिवाय तिथं सेनापतीच्या बरोबरीनं पक्षाचा एक राजकीय अधिकारी बसतो, मोठे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे. मी म्हटलं, म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन सासवा. तेव्हा कुमुदताई पहिल्यांदा हसलेल्या मी पाहिल्या. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी आमची शिकवणी भरायची. भीती गेली नाही, पण मला झोप लागायला लागली.

त्याच हिवाळ्यात अमेयचं लग्न ठरलं होतं, नाशिकच्या सायलीशी. हॉल घेतला होता, पत्रिका छापायला टाकायच्या होत्या. सुट्टी मिळेलच असं सगळे म्हणत होते. कुमुदताई म्हणाल्या, "लग्न पुढं ढकल. तो येणार नाही." सीमेपलीकडची स्थानिक चिनी वर्तमानपत्रं त्या अजूनही वाचत. त्यांत वरच्या ठाण्यांवर जवानांसाठी गरम राहणाऱ्या खोल्या बांधून झाल्याच्या आणि काचघरात भाजी पिकवल्याच्या कौतुकाच्या बातम्या होत्या. "ताजी पालेभाजी वर पिकवायला लागले म्हणजे हिवाळाभर हलत नाहीत. ते हलणार नाहीत, म्हणजे आपलेही हलणार नाहीत." मी घरी येऊन ह्यांच्याशी भांडले, सायलीच्या आईचे टोमणे ऐकले आणि हॉल सोडला.

आणि अमेयला सुट्टी मिळाली! ऐन वेळी, थोड्या दिवसांची. "आई, आय ॲम कमिंग." मला हसावं की रडावं ते कळेना. अंगणातूनच ओरडून कुमुदताईंना सांगितलं. त्या चप्पल न घालताच आमच्या दारात आल्या. "मी चुकले, विद्या." मी म्हटलं, "जाऊ द्या हो ताई, पोरगं येतंय ना." "जाऊ कशी देऊ? ठाणी तिथंच आहेत, ते बरोबर निघालं. पण एका पोराची सुट्टी त्यांच्या पेपरात कुठं असते? मला माहीत नव्हतं, आणि माहीत असल्यासारखं बोलले मी." मग म्हणाल्या, "आता रडत बसू नकोस, तिकीट काढ." शेवटी सायलीच्या मामांच्या अंगणात लग्न लागलं, घरच्या माणसांत, मामींनी केलेल्या मसालेभातावर. सुंदर झालं. कुमुदताईंनी मात्र ती चूक शेवटपर्यंत स्वतःला माफ केली नाही. आपल्याला माहीत काय आणि वाटतं काय, ह्यांतला फरक त्या त्यानंतर दर वाक्याला बजावून सांगू लागल्या. कधी कधी कंटाळा यायचा... आता वाटतं, अजून थोडं बजावायला त्या हव्या होत्या.

दुखणं कळलं तेव्हा ते पसरलेलं होतं. डॉक्टर गोलगोल बोलायला लागला, तर त्याला म्हणाल्या, "तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढंच सांगा." त्यानं सांगितलं. त्या दिवशी लेक बाहेर जाऊन रडली आणि कुमुदताईंनी नर्सकडं चहा मागितला. मी गेले की मला सीमेवरच्या बातम्या वाचायला लावायच्या. शेवटच्या भेटीत वाचता वाचता मी म्हणून गेले, "आता निवळेल असं दिसतंय, ताई." त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "वाच फक्त," म्हणाल्या, "मत देऊ नकोस." मी वाचत राहिले. केव्हा झोप लागली त्यांना, मला कळलं नाही.

अमेय पुन्हा वर गेलाय. सायलीला सातवा महिना लागलाय. गेल्या शुक्रवारी तिचा फोन आला, आवाज अगदी बारीक. "आई, बाळाच्या वेळी येईल ना हो तो? तुम्हाला त्यातलं कळतं." येईल गं, का नाही येणार, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पोटुशी पोर आहे, तिला धीर नको का द्यायला? मी खाली बसले. तिला सांगितलं की बोलणी चालू आहेत, काही ठिकाणी दोन्हीकडचे मागं सरकलेत, पण फौज अजून वरच आहे. मग म्हटलं, "तो येईल की नाही, मला माहीत नाही, सायली."

मला वाटलं, हे काय करून बसले मी.

"सगळे येईल येईल म्हणतात," ती म्हणाली. "मला वाटत होतं, सगळ्यांना माहीत आहे आणि मी एकटीच उगाच घाबरतेय." आता ती मोकळेपणानं रडत होती. रडू दिलं मी. मग नाक ओढत तिनं विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही याल?"

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "मी येतेय."