नफा वाढला, पण लिफ्ट बंद

पनवेलबाहेर, निवृत्तांसाठी बांधलेल्या आमच्या वसाहतीत माझे एक शेजारी आहेत. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, उरणकडच्या मिठागरवाल्या घरातले. आमच्या बिल्डर कंपनीचा तिमाही निकाल पेपरात आला की ते बागेतल्या बाकावर बसून तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात. नफा वाढलेला असला की हात आपोआप मिशीकडे जातो. कंपनीचे थोडे शेअर त्यांनी घेतलेत. "मालक हाय मी," असं ते वॉचमनला सांगतात आणि तोही हसत सलाम ठोकतो.

यंदा कंपनीची वार्षिक सभा मोबाइलवर झाली. क्लबहाउसात आम्ही दहा-बाराजण त्यांच्या मागे बसलो. बोलायची पाळी आली तशी त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"साहेब, नफा वाढला, आमाला आनंद हाय. पण आमच्या इमारतीची लिफ्ट दोन महिने बंद हाय. चौथ्या मजल्यावरच्या बाई तवापासून खाली उतरल्या नाय. म्हातारपण सुखाचं करतो म्हणून तुमी घरं विकता. मंग त्यांचं सुख अहवालात कुठल्या पानावर लिवलंय?"

अध्यक्ष म्हणाले, "आठवडाभरात लिफ्ट चालू होईल."

आणि खरंच झाली. दुरुस्तीला आलेल्या इंजिनिअरने आमच्या या शेजाऱ्यांना कौतुकाने विचारलं, "काका, तुमचा मजला कितवा?"

"माजा? तळमजला," असं म्हणून ते बाईंसाठी बागेत खुर्ची मांडायला गेले.