सुरमई साफ करू काय?

रविवारी नवघरच्या मासळी बाजारात माझी नोकरी जाता जाता राहिली...

मी एका कंपनीत स्टोरेज सांभाळते. म्हणजे ढीगभर डिस्क एकत्र जोडून त्यांचे कप्पे पाडायचे. एकेका कप्प्याला व्हॉल्यूम म्हणतात. आमच्या व्हॉल्यूमना माशांची नावं आहेत. ती मीच दिली... माहेर रत्नागिरीचं, दुसरं काय सुचणार?

प्रत्येक व्हॉल्यूमची जुळी प्रत दुसऱ्या शहरात असते. इथे जे होतं ते लगेच तिथेही होतं, याला रेप्लिकेशन म्हणतात. लोकांना वाटतं, दोन प्रती आहेत, मग काळजी कसली. पण इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं...

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, रफमधली चूक फेअरमध्ये फक्त सुंदर अक्षरात उतरते. तेव्हा त्यांचा राग यायचा. हल्ली ऑफिसात जवळजवळ रोज आठवतात.

तर त्या दिवशी ड्यूटीवर शबाना होती. रिकामी झालेली 'मांदेली' पुसायची, एवढंच काम तिला दिलं होतं. शेजारच्या 'सुरमई'त एका हॉस्पिटलच्या पेशंटचे सगळे रिपोर्ट्स.

मी उत्तनहून मासे विकायला येणाऱ्या फिलूमावशींपुढे उभी, कानातल्या इअरफोनवर शबाना. मांदेली पुसून झाली, असं सांगून तिने पुढे काहीतरी विचारलं... ते शेजारी बर्फ फोडत होते त्या आवाजात बुडालं. त्याच वेळी मावशींनी कोयता उचलला.

"सुरमई साफ करू काय, बाय?"

"हो, साफ करून टाका. आणि डोकं वेगळं ठेवा."

मग इअरफोनमध्ये शबानाचा बिचकलेला आवाज...

"मॅडम, सुरमई का डोकं किधर है?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुरमईपण जुनी दिसतेय, साफ करू का, हे तिनेही विचारलं होतं. होकार मी मावशींना दिला होता आणि तो पोचला होता दोघींना.

"हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले, की मावशींनी कोयता खाली ठेवला.

"नको तर नको, बाय. वरडते कशाला?"

शबानाने सुरमईतलं अजून काहीच पुसलं नव्हतं. डोकं सापडेना म्हणून थांबली होती बिचारी. मी मावशींना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्या हापिसात पन सुरमई हाय? मंग इथं कशाला येते?"

सोमवारी शबानासाठी डब्यात तळलेली सुरमई नेली. न समजलेलं विचारायला न लाजणारी माणसं कामात सोबत असणं, याहून मोठं नशीब नाही.

डोक्याचं कालवण मात्र रविवारीच मी एकटीने संपवलं... बाजारात स्वतःचं वापरायचं राहिलं होतं, म्हटलं तेवढीच भरपाई.