भिंतीकडची ओव्हर

शुक्रवारी सकाळी सगळं रियाध गाढ झोपलेलं असताना आम्ही अल सुलैच्या गोदामांमागे क्रिकेटला जायचो. आम्ही म्हणजे माझा नवरा आणि त्याची टीम. मी गाडीत एसी लावून बसायचे आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये स्कोअर भरायचे. हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण दुसऱ्या कोणाला ते नको होतं. पुण्यातली नोकरी सोडून आलेल्या बाईला आठवड्यातून एकदा का होईना, कुणी कामाला लावतंय, याचं मला बरंच वाटायचं.

मैदान म्हणजे ट्रक उभे करायची रिकामी जागा. एका बाजूला गोदामाची लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं माळरान. वारा माळावरून यायचा. त्यामुळे भिंतीकडून बॉल टाकणाऱ्याच्या थेट तोंडावर तो आदळायचा. टेप गुंडाळलेला हलका टेनिस बॉल हवेतच अडखळायचा आणि बॅट्समनने नुसता उचलला तरी वाऱ्याबरोबर भिंतीपलीकडे जायचा. त्या टोकाची वेळ आली की आमच्या प्रत्येक बॉलरचं काहीतरी दुखायला लागायचं. मग कॅप्टन म्हणून माझा नवरा मुकाट्याने बॉल घ्यायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि त्याची कुठे नोंद नव्हती.

टीम अर्धी ऑफिसवाल्यांची, अर्धी कोकणातल्या माणसांची. त्यातले सर्वांत वडीलधारे म्हणजे दापोलीकडचे चाचा, आमचे विकेटकीपर. आधी ते मोबाइलच्या दुकानात होते. त्या दुकानांत सौदी माणसंच हवीत असा नियम आला, तेव्हा ते गोदामात कामाला लागले.

टीम निवडताना दर वेळी रुसवेफुगवे व्हायचे. याला घेतलं, त्याला का नाही, हा तुमचा गाववाला म्हणून का? कंटाळून नवऱ्याने ॲपमधले आकडे एक्सेलमध्ये घातले आणि जाहीर केलं, की यापुढे टीम आकडे ठरवतील. आकड्याला ना गाव असतं ना नातं. बँकेत तो दिवसभर हेच करत असे, त्यामुळे त्याला ते फार न्याय्य वाटलं. भांडणं थांबली हेही खरं.

त्याच हंगामात बँकेने त्याला नोटीस दिली. त्याच्या विभागातल्या जागा सौदी उमेदवारांना द्यायच्या ठरल्या होत्या. त्याच्या कामात खोट नव्हती, टक्केवारी भरायची होती. तो म्हणाला, "त्यांचा देश आहे, त्यांच्या मुलांना नोकऱ्या नकोत का?" मी म्हटलं, "तुला वाईट नाही वाटत?" तो म्हणाला, "वाईट वाटून काय करायचंय?" आणि फायनल एक्झिटचे, म्हणजे देश कायमचा सोडण्याचे, कागद लावायला बसला. विमान ठरलं. त्याच्या आधीच्या शुक्रवारी आमच्या लीगची फायनल होती. रियाधमधली त्याची शेवटची मॅच.

गुरुवारी संध्याकाळी त्याने टीम निवडली आणि त्यात त्याचंच नाव नव्हतं.

"हे काय?" मी विचारलं.

"बॉलर्समध्ये मी सगळ्यांत महाग आहे. ओव्हरमागे सगळ्यांत जास्त रन मीच देतो. नियम सगळ्यांना सारखा."

"अरे, तू भिंतीकडून टाकतोस! मी दर आठवड्याला बघते ना."

"बघण्याचं काय सांगतेस? आकडा दाखव."

कुठल्या टोकाकडून टाकलं, हे ॲप विचारतच नव्हतं. मग मी आकडा कुठून दाखवणार? मी कुकरचं झाकण इतक्या जोरात आपटलं की तो स्वयंपाकघरात डोकावून गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मी त्याला सुनावलं. तो हसलासुद्धा नाही.

फायनलला तो टीमची जर्सी घालून माझ्या शेजारी गाडीत बसला. एवढ्या वर्षांत त्याने मैदान या बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. आमचा सर्वांत स्वस्त बॉलर भिंतीकडून आला आणि बॉल एकामागून एक त्याच्या डोक्यावरून जाऊ लागले.

"चांगला टाकतोय की," नवरा म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "मग मार का खातोय?" मग काच खाली करून त्याने हात बाहेर वाऱ्यात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मी ॲपमध्ये सिक्स भरत राहिले. 'मी सांगत होते ना' हे न म्हणायला किती ताकद लागली, ते माझं मला माहीत.

शेवटची ओव्हर भिंतीकडूनच होती आणि समोरच्यांना जिंकायला मोजकेच रन हवे होते. तेवढ्यात चाचा लंगडत गाडीपाशी आले.

"भाभी, ह्याला सोडा जरा मैदानात. माझा पाय मुरगळला."

"चाचा, बदली माणसाला बॉलिंग करता येत नाही," नवरा म्हणाला.

"ता मी बोललोय त्यांच्याशी. तू चल."

समोरची टीम हैदराबादी होती. त्यांच्या कॅप्टनने लांबूनच हात केला. "कायदे में तो नहीं बैठता भाई. पर आप जा रहे ना? डालो, यल्ला!"

नवरा उतरला आणि धावतच गेला. पहिले काही बॉल त्याने असे खाली, पायांत टाकले की बॅट्समनला उचलताच येईनात. मी काच पूर्ण खाली केली होती. धूळ आत येत होती, येऊ दिली. शेवटी एक बॉल जरा वर पडला आणि सरळ भिंतीपलीकडे गेला. खलास. हरलो.

चाचा त्याच्या खांद्यावर हात टाकून परत येत होते. लंगडायचं ते पार विसरले होते. "हरायचाच होता, तर तुझ्या हातून हरलो ता बरा," ते म्हणाले.

नवरा गाडीत बसला. घामाने निथळत होता.

"भरलीस ओव्हर?"

"भरली. तुझा आकडा अजून बिघडला."

"बिघडू दे," तो म्हणाला. "मला टाकायची होती."

मग त्याने तोंड टॉवेलमध्ये घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. नोटीस आल्यापासून 'मला अमुक हवं होतं' असं तो पहिल्यांदाच बोलला होता.