गजाननच्या घराचं छत

नळदुर्गच्या शाळेतल्या कदम सरांनी माझ्या वडिलांना समजावलं आणि मला सिव्हिल इंजिनिअरिंगला पाठवलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. म्हणूनच त्या सकाळी नगरपरिषदेचा घरकुल इंजिनिअर होऊन मी गजाननच्या अर्धवट बांधकामावर उभा होतो आणि त्याच्या आईचं ऐकून घेत होतो.

“स्लॅब टाका न्हायतर सोन्याचं छत करा. म्या त्याच्याखाली निजणार न्हाय.”

गजानन आमच्या अग्निशमन गाडीवर फायरमन. पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत राहायचा. घरकुल योजनेत नाव लागलं, भिंती उभ्या राहिल्या. त्याची आई सास्तूरची. त्र्याण्णवच्या भूकंपात तिच्या दोन बहिणी मातीच्या जड माळवदाखाली गेल्या. तेव्हापासून ती जड छताखाली झोपत नाही.

“आगीत शिरतोस, अन् आईला समजावता येईना?” मी म्हणालो.

“साहेब, आगीवर पाणी तरी मारता येतं.”

मंजूर नकाशात स्लॅब होता. नकाशाप्रमाणं काम नसेल तर अनुदानाचा पुढचा हप्ता अडकतो. स्लॅब टाकला तर आई येणार नाही, आणि आईला सोडून गजानन राहायला जाणार नाही. मिळालेलं घर हातचं जाणार होतं.

मुख्याधिकारी मॅडमना सगळं सांगितलं आणि स्लॅबऐवजी पत्र्यांचं छत सुचवलं.

“लोक स्लॅबसाठी भांडतात. हे पत्रे मागतायत?”

“मॅडम, नियमात पक्कं छत म्हटलंय. लोखंडी कैच्यांच्या त्रिकोणी सांगाड्यावर बसवलेले पत्रे त्यात बसतात. नकाशा सुधारून घेऊ.”

“वाऱ्यात उडाले तर?”

“कैच्या बँडला बोल्टनं आवळू.” बँड म्हणजे चारही भिंतींवरून फिरणारा सळई-काँक्रीटचा पट्टा. जमीन हलली तर तो भिंतींना एकत्र धरून ठेवतो.

“ठीक आहे. सही तुमची, जबाबदारीही तुमची.”

सुधारित नकाशा मंजूर झाला. पत्रे चढले. आई आत आली, बराच वेळ वर बघत राहिली.

“उन्हाळ्यात लई तापंल.”

गजानननं माझ्याकडं पाहिलं. तिनं कोपऱ्यात अंथरूण टाकलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

त्याच आठवड्यात कदम सरांना पत्र टाकलं:

“सर, साष्टांग नमस्कार. गजाननचा शेवटचा हप्ता निघाला. आई नव्या घरात झोपते. गरम होतं म्हणून रोज कुरकुर आहे, तेव्हा पत्र्यावर चुना मारायला सांगितलाय. नकाशावर सही कुटुंबप्रमुखाची लागते. मी आता सहीआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारतो. वेळ जातो, पण नकाशा एकदाच काढावा लागतो. तुमचा, दत्ता.”