हमीदाखालांची फुंकर

धारूरला आमच्या गल्लीत पोर किरकिरायला लागलं की आया त्याला उचलून हमीदाखालांकडे नेत. गादीला टाके घालता घालता खाला थांबत, ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटत आणि पोराच्या तोंडावर हलकेच फुंकर घालत. पोर कुठल्याही जातीचं असो. वर बजावत, "दुआ मी दिली, दवा डाक्टर देईल. आता इथं बसू नका." माझ्या मुलाला घेऊन गेले की मलाही अशाच हुसकायच्या. मला त्याचा थोडा रागच यायचा.

उतारवयात त्यांना हजचा योग आला. हजला जाणाऱ्यांना सक्तीची असलेली मेंदूज्वराची लस टोचून घ्यायला मीच त्यांना बीडला नेलं. रांगेतल्या बाकीच्या यात्रेकरूंना दंड सुजेल याची धास्ती. खालांनी मात्र विचारलं, ही सुई घेतल्यावर माझ्यामुळं दुसऱ्याला तर काही होणार नाही ना? डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, लस तुम्हाला चांगलं राखेल, तरी पुरती हमी नाही. आणि जंतू घशात गुपचूप बसून दुसऱ्याकडे जाणारच नाही, असा शब्द मी देऊ शकत नाही. 

त्या हजला असतानाच त्यांच्या सुनेला, शबानाला, मुलगी झाली. हाजी आजीची पहिली फुंकर लेकीला मिळावी म्हणून शबाना बाळाला न्हाऊमाखू घालून वाट बघत होती. खाला आल्या त्या तोंडाला ओढणी बांधूनच. बाळाचे पाय हातात धरून त्यांनी दुआ म्हटली आणि तोंड फिरवलं. महिनाभर फुंकर नाही म्हणाल्या. मक्केहून येऊन सख्ख्या नातीलाच हात आखडला, असं विहीणबाई चारचौघांत बोलल्या. शबाना बाळाला घेऊन रडत आत गेली.

खाला तिच्यामागे गेल्या. मी दारातच होते.

"रफिकची मान लाकडावानी ताठ झालती, तरी मी दिवसभर फुंकत बसले. दवाखान्यात नेलं तवा लई उशीर झालता."

रफिक म्हणजे त्यांचा थोरला. तो मेंदूज्वराने गेला हे गल्लीला ठाऊक होतं. फुंकरीचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.  शबानाने बाळाचे पाय पुन्हा सासूच्या हातात दिले.

महिना सरल्यावर खालांनी नातीला पोटभर फुंकर घातली. मी चेष्टेने म्हटलं, घशात काही नसणारच, उगाच महिना घालवलात.

"आसंल, नसंल. ते कदी कळूच नये, म्हनून तर सुई घेतली अन् तोंडबी बांदलं."

खालांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्यावाचून गल्ली मला ओकीओकी वाटते. तापलेलं पोर घेऊन आया अजून त्याच दारी जातात. शबाना फुंकर घालत नाही. पोराची मान वाकते का बघते आणि दवाखान्यात सोबत जायला चपला पायांत सरकवते.