नावाने केलेली आंघोळ

आमच्या घरात 'गेला' हा शब्द जपून वापरावा लागायचा. पाहुण्यांपैकी कुणी, "थोरला कॅनडाला गेला ना?" असं विचारलं की माझे वडील लगेच दुरुस्त करायचे, "तिकडे असतो." मग विषय बदलायचा. हे माझे थोरले काका सत्तावन्न वर्षांपूर्वी तिकडच्या एका लहान गावात गणिताचे मास्तर म्हणून गेले, पहिल्या दोन वर्षांत त्यांची तीन पत्रं आली आणि मग काही आलंच नाही, एवढं मला माहीत होतं. काका आम्हाला विसरले, अशी मी लहानपणीच समजूत करून घेतली होती आणि त्यांच्यावर मनातून रागही धरला होता.

आई वारल्यावर अण्णांना, म्हणजे वडिलांना, मी इकडे आखातात, रुवैसला घेऊन आले. मुलीच्या घरी राहणं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण दुसरीकडे जायला जागा नव्हती. रुवैस म्हणजे रिफायनरी, कंपनीची घरं, एक मॉल आणि खारट वारा. नवरा रिफायनरीत शिफ्टवर असतो. मी एका कंत्राटदार कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, म्हणजे कागद सांभाळणारी बाई. कुठल्या पाइपाचं कुठलं ड्रॉइंग शेवटचं आणि कुठलं रद्द, हे मी सांगते. चुकीचा कागद साइटवर गेला तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो, म्हणून या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. इंजिनियर लोक मला घाबरून असतात आणि ते मला आवडतं.

गेल्या पितृपक्षात अण्णा बाल्कनीत परात घेऊन तर्पण करत होते. आजोबा, पणजोबा, आजी, आई अशी नावं घेत घेत ते थांबले. दरवर्षी ते तिथेच थांबतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. जिवंत माणसाच्या नावाने पाणी सोडायचं नसतं. आणि गेलेल्याचं नाव घेतलं नाही तर तो तहानलेला राहतो, असं ते मानतात. संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "तुझं कामच कागद शोधायचं आहे ना? मग दादा आहे की नाही, एवढं शोधून दे. असेल तर फोन लावू. नसेल तर तिथी सांग. पुढच्या पितृपक्षापर्यंत माझी छाती टिकली तर तेवढं करून जाईन."

छातीचं ते खरं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन तेच सांगितलं होतं.

मी कामाला लागले. आधी वाटलं, तो पुढारलेला देश, आठवड्यात काम होईल. पण अलीकडची जनगणना ते उघडून दाखवत नाहीत. काका देशात आल्याची कागदपत्रं सरकारकडे मागितली, तर उत्तर आलं की ज्याची माहिती हवी त्याची संमती तरी जोडा नाहीतर त्याच्या मृत्यूचा दाखला तरी. माणूस आहे की नाही हेच मला विचारायचं होतं आणि ते विचारण्यासाठी मला ते आधी माहीत असायला हवं होतं. त्या दिवशी मी ऑफिसात एका निरपराध इंजिनियरला फैलावर घेतलं.

मग मी सरकारी दार सोडलं आणि गावाच्या मागच्या दाराने शिरले. काकांच्या पत्रावरच्या शिक्क्यात गावाचं नाव होतं. तिकडच्या लहान गावांची जुनी टेलिफोन पुस्तकं कुणीतरी स्कॅन करून ठेवलेली असतात, शाळांची वार्षिक पुस्तकं असतात, गावच्या पेपरचे जुने अंक असतात. म्हातारी माणसं हौसेने दफनभूमीत हिंडून एकेक दगड वाचतात आणि याद्या करतात. गावाला अमुक वर्षं झाली की गावकरी मिळून एक जाडजूड पुस्तक काढतात आणि त्यात प्रत्येक घर आपली हकिकत आपणच लिहितं. या सगळ्यात मी आमचं आडनाव शोधलं. इंग्रजीत ते जितक्या तऱ्हांनी बिघडवता येईल तितक्या तऱ्हांनी बिघडवून शोधलं. आठ महिने गेले. अण्णा रोज विचारायचे नाहीत, पण मी लॅपटॉप मिटला की माझ्या तोंडाकडे बघायचे.

जुलैत त्यांना तपासणीला नेलं होतं. आम्ही दवाखान्यात बसलो होतो. केरळची नर्स दारात येऊन एक नाव पुकारू लागली. अण्णा उठेनात, पण खुर्चीत एकदम ताठ झाले, शाळेत छडीवाले मास्तर आल्यावर पोरं होतात तसे. नर्स जवळ आली, त्यांच्या हातातलं कार्ड बघितलं आणि म्हणाली, "पापाजी, आप ही तो हो. यल्ला, चलो." तिने पुकारलं ते आजोबांचं नाव होतं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही आपली रीत. तिने त्यातलं मधलं उचललं होतं. आत जाताना अण्णा ओशाळं हसून म्हणाले, "मला वाटलं, बाबाच आले."

ते आत गेले आणि मी बाकावर बसल्या बसल्या कपाळाला हात लावला. जे रुवैसच्या नर्सने केलं ते कॅनडातल्या शाळेच्या कारकुनाने केलं नसेल कशावरून? घरी आल्यावर चप्पलसुद्धा न काढता मी दफनभूमीच्या यादीत आडनावाच्या रकान्यात आजोबांचं नाव घातलं. पहिल्याच खेपेला दगड सापडला. काकांचं नाव, आजोबांचं नाव, शेजारी एका बाईचं नाव. काकांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

अण्णांना मी लगेच सांगितलं नाही. यादी करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने चूक केली असेल, आधी दुसरा कागद हातात येऊ दे, असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे मला धीर होत नव्हता. मी त्या गावच्या वाचनालयाला पत्र लिहिलं.

ऑगस्टातल्या एका शनिवारी सकाळी उत्तर आलं. वाचनालयात सेवा म्हणून काम करणाऱ्या एका बाईंनी लिहिलं होतं. काकांनी त्यांना बीजगणित शिकवलं होतं. फार कडक, पण फार चांगले, असं त्यांनी लिहिलं होतं. सोबत पेपरातली निधनवार्ता होती आणि गावाच्या पुस्तकातलं काकांनी स्वतः लिहिलेलं पान होतं. शेवटी विचारलं होतं, तुम्ही त्यांच्या कोण? त्यांचं कुणी जवळचं हयात आहे का? आमच्या फाइलमध्ये लिहून ठेवते.

मी अण्णांच्या शेजारी जाऊन बसले आणि सांगितलं, "अण्णा, काका गेले. नऊ वर्षं झाली." त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "माझं नाव आहे का त्यात?"

त्यांना मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही. मी चष्मा शोधायचं निमित्त केलं, कारण निधनवार्ता मी आधीच वाचली होती. पण माझी अकरावीतली लेक तोवर त्यांच्या पलीकडे बसून पुस्तकातलं पान वाचायला लागली होती. हवामान, शाळा, बायको, बाग, सगळं तिने भरभर वाचलं. मग ती अडखळली. म्हणाली, "आजोबा, इट सेज ही हॅड अ ब्रदर. बट ही डाइड." आणि आजोबांना नीट कळावं म्हणून मराठीत पुन्हा म्हणाली, "म्हणजे, तुम्ही आधीच गेलात."

मी कागद हिसकून घेतला. तिथे तसंच होतं. मी लग्न केलं त्या वर्षी माझा एकुलता धाकटा भाऊ गेला, घरून आलेल्या पत्राने ते मला कळलं, असं काकांनी लिहिलं होतं. निधनवार्तेतही आईवडिलांबरोबर भाऊ आधी गेलेल्यांत धरला होता.

माझा संताप झाला. कुणीतरी धडधडीत खोटं पत्र टाकून दोन भावांना पन्नास वर्षं तोडलं होतं. माझा संशय सरळ माझ्या आजोबांवर, म्हणजे अण्णांच्या वडिलांवर गेला. मी आवाज चढवून विचारलं, "अण्णा, तुम्ही गेल्याचं पत्र कुणी टाकलं काकांना?"

"मी," ते म्हणाले.

लेक माझ्याकडे बघायला लागली. अण्णा जमिनीकडे बघत सांगत गेले. काकांनी तिकडच्या बाईशी लग्न केल्याचं तिसऱ्या पत्रात कळवलं होतं. त्या दिवशी आजोबांनी सगळ्यांना विहिरीवर नेलं आणि काकांच्या नावाने आंघोळ करायला लावली, माणूस मेल्यावर करतात तशी. आजीने केली नाही. ती स्वयंपाकघरात दार लावून बसली. आजोबा त्या पत्राला हात लावायला तयार नव्हते, म्हणून उत्तर लिहायला अण्णांना बसवलं. ते तेव्हा बावीस वर्षांचे होते. आजोबा सांगत होते आणि ते लिहीत होते. आजपासून तुला आई नाही, बाप नाही, भाऊ नाही, आम्ही तुझ्या नावाने आंघोळ केली आहे.

"भाऊ नाही, हे बाबांनी सांगितलं नव्हतं," अण्णा म्हणाले. "ते मी माझ्या मनाने घातलं. बाबांना बरं वाटावं म्हणून. दादाने माझं अक्षर ओळखलं असणार आणि तेच खरं धरलं."

मला वाटत होतं, त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा. आणि तितकंच वाटत होतं की फिरवू नये.

मग ते आंघोळीला उठले. ऐकल्यावर करावी लागते म्हणाले. ऑगस्टात आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चटका देण्याइतकं तापतं आणि गार पाण्याच्या नळाला तेच येतं. म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो. त्यातलं पाणी घरातल्या एसीने निवतं, आणि उन्हाळाभर गरम पाण्याचा नळ हाच आमचा गार नळ असतो. अण्णांना हे कधी पाठ झालं नाही. मी दाराबाहेरून सांगितलं, "अण्णा, लाल खुणेचा नळ सोडा, तो गार आहे."

"माहीत आहे," आतून उत्तर आलं. "गार पाण्याने एकदा केली आहे."

दाराखालून वाफ येऊ लागली. मी दार ठोठावलं, लेकीने ठोठावलं. ते बाहेर आले तेव्हा खांदे आणि पाठ लालभडक झाली होती. मी ओला टॉवेल पाठीवर टाकला. त्यांनी तो टाकू दिला. लेक रडत मला विचारत होती, "ममा, व्हाय डिड ही डू दॅट?" आणि मला ते इंग्रजीत सांगता येत नव्हतं, मराठीतही नव्हतं.

दुपारी पंचांगात बघून तिथी काढली. अण्णांनी ती कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहिली. त्यांचं अक्षर अजून सुरेख आहे. मग म्हणाले, "त्या बाईंना उत्तर दे. मी सांगतो, तू लिही."

मी लॅपटॉप घेऊन बसले. आभाराची दोन वाक्यं झाली. मग ते म्हणाले, "लिही, धाकटा भाऊ हयात आहे." मी लिहिलं आणि मला हायसं वाटलं. निदान एक कागद तरी दुरुस्त होत होता.

त्यांनी ते मला वाचायला लावलं. दोनदा लावलं.

"खोड ते," ते म्हणाले. "त्याने मनापासून दुःख केलं असेल माझं. आता मी जिवंत आहे हे कळवून ते पत्र कुणी पाठवलं ते सगळ्या गावाला सांगू का? पुतणी आहे, एवढंच लिही."

तेरा वर्षांच्या नोकरीत चुकीचा कागद चुकीचा आहे हे माहीत असून मी फाइलमध्ये कधी राहू दिलेला नाही. ते वाक्य मी खोडलं आणि पत्र पाठवून दिलं.